डॉक्टरीणबाईंच्या होडीतली सोय

नाशकात राहून होडी विकत घेणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. त्या होडीसाठी चांगला चालता टांगा विकणारंही तेच.

डॉ. अनसूयाबाईंनी टांगा विकला आणि देवळालीहून विलायतेला परत निघालेल्या एका फौजी साहेबाची शिडाची होडी घेतली. ही बातमी रविवार कारंजावर पोहोचली तेव्हा कुणाला ती खरीच वाटेना. उन्हाळ्यात गोदावरीत गुडघाभर पाणी, त्यात शीड लावून बाई जाणार कुठे? “आता डॉक्टरीणबाई रामकुंडात फेऱ्या मारणार,” असं दवाखान्याशेजारचा पानवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला. ते बाईंच्या कानावर आलं. त्या त्याच्या ठेल्याशी थांबल्या, एक लवंग मागून घेतली, गालात ठेवली आणि म्हणाल्या, “रामकुंडात नाही रे, दारणेच्या धरणात. तुला पोहता येतं का? नाही ना? मग तू येऊ नकोस.” आणि भराभरा चालायला लागल्या.

त्या नेहमी अशाच चालत. मी त्यांच्याकडे नर्स होते, तेवीस वर्षांची, धडधाकट. तरी दवाखान्यातून मेन रोडपर्यंत त्यांच्याबरोबर जायचं तर मला दम लागायचा. त्यांची चाळिशी उलटली असावी. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही याच्या गावात पाच-सहा कथा होत्या. मी कधी विचारलं नाही. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सातवी सांगितली असती. चहा त्या कधीच पुरता प्यायच्या नाहीत. अर्धा कप ठेवून उठायच्या. सुईशी, थर्मामीटरशी, गंजलेल्या कुलपाशी माणसासारखं बोलायच्या. आणि कुणीही कसलीही तक्रार घेऊन आलं, मग तो रोगी असो, रडणारी सून असो की न चालणारं घड्याळ असो, त्यांचा प्रश्न ठरलेला: “अडलंय कुठं, ते दाखवा.”

होडी घ्यायचं कारण अगदी साधं होतं. धरण झालं तेव्हा दारणेचं पाणी मैलोन्‌मैल पसरलं आणि गावांच्या मधे आलं. जिथे पूर्वी एखादी बाई डोक्यावर पाटी घेऊन तासाभरात चालत जायची, तिथे आता पाण्याला वळसा घालायला अर्धा दिवस लागे. पलीकडच्या गावांतून नाशकाच्या दवाखान्यात येणाऱ्या बायका पोहोचायच्या त्या फार उशिरा. “पाणी आडवं आलंय ना? मग पाण्यावरूनच जायचं,” बाई म्हणाल्या. झालं. दर बुधवारी आम्ही रेल्वेने अस्वली स्टेशनला उतरायचो, तिथून बैलगाडीने धरणाच्या काठी, आणि मग गुरुवारी संध्याकाळपर्यंत होडीतून गावोगाव.

होडी जेमतेम वीस फुटांची. मधे एक डोलकाठी, पुढच्या बाजूला वाकून शिरावं लागेल अशी लाकडी खोली. साहेबाने तिला काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. बाईंनी ते खरवडून ‘साळुंकी’ लिहिलं. साहेबाच्या मडमेने आठ दिवस त्यांना शीड शिकवलं. नवव्या दिवशी बाईंनी होडी एका बुडालेल्या बाभळीवर चढवली आणि आम्ही दोघी दोन तास त्या झाडात अडकून पडलो. शेवटी काठावरून धोंडू पोहत आला, होडी मोकळी केली आणि म्हणाला, “बाई, वारा कुनीकडून येतो त्ये आधी बगायचं आसतं.” बाईंनी त्याला तिथल्या तिथे कामावर ठेवलं. धोंडू त्याच काठचा. पाण्यावर वाढलेला, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस.

पहिलं वर्ष असं गेलं. मग भागीचं झालं.

भागी पलीकडच्या एका गावची, सात महिन्यांची गरोदर होती. अंगावर सूज, डोळ्यांपुढे अंधारी. बाईंनी तिला बघितलं आणि म्हणाल्या, “आजच्या आज नाशकाला न्यायला हवी.” सासरा तयार होता, नवरा तयार होता, होडी काठाला लागलेली होती. भागी मात्र उठेना. बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. “काय अडलंय बाळ, सांग मला.”

भागीने आधी दाराकडे बघितलं. मग पदर तोंडावर घेऊन म्हणाली, “मला घडीघडीला जावं लागतंय. होडीत मामंजी बसनार, त्यो नावाडी बसनार. म्या कुटं जाऊ? म्या नाय येत.”

बाईंनी खूप समजावलं. काठाला लावू, आडोसा धरू, पुरुषांना गाडीने पाठवू. पण गाडीला दुसरा दिवस उजाडणार होता आणि पाण्याच्या काठी नुसता उघडा चिखल, झुडूपसुद्धा नाही. भागीने मान हलवली ती हलवलीच. दोन दिवसांनी तिचं मूल मेलेलं जन्मलं. ती स्वतः वाचली, पण महिनाभर अंथरुणाला खिळली.

पुढच्या खेपेला हे कळलं, तेव्हा परतीच्या गाडीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. देवळाली मागे पडल्यावर एकदम म्हणाल्या, “कुसुम, मी वर्षभर या होडीत बसतेय. आपण दोघी दिवसभर पाणी पीत नाही. का पीत नाही, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही. डॉक्टर म्हणवते मी!” त्यांचा आवाज चढला होता. डब्यातल्या बायका वळून बघायला लागल्या. “अंधार पडायची वाट बघत बसतात सगळ्या. लहानपणापासून. आणि मग आम्ही त्यांना विचारतो, पोटात कधीपासून दुखतंय?”

त्याच दिवशी त्यांनी मुंबईला पत्र टाकलं. बोटींचं सामान विकणारं एक दुकान बंदरावर होतं, तिथे.

महिन्याभराने नाशिक रोडवरून एक मोठं खोकं बैलगाडीतून दवाखान्याच्या दारात आलं. बाईंना धीर कुठला? रोगी बसलेले असतानाच त्यांनी पक्कड घेतली आणि खिळे उपटायला सुरुवात केली. आतला पेंढा उडाला आणि त्यातून निघालं पांढरंशुभ्र चिनी मातीचं भांडं, वर लाकडी बैठक, बाजूला चकचकीत पितळेचा पंप आणि त्याला लांब दांडा. जहाजावरचा कमोड! रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हात जोडले. त्यांना वाटलं, परदेशातून एखादी मूर्ती आली.

“कुसुम, हे बघ!” बाई जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या, मांडीवर इंग्रजी कागद. “दांडा वर ओढला की तलावाचं पाणी भांड्यात. खाली दाबला की भांड्यातलं सगळं नळीने बाहेर. किती साधं आहे! आणि हे करायला मला चाळीस वर्षं लागली!”

मी विचारलं, “बाहेर म्हणजे कुठे?”

दांड्यावरचा त्यांचा हात थांबला. बाहेर म्हणजे दारणेच्या पाण्यात. समुद्रावर ते चालून जात असेल. इथे त्याच पाण्यावर काठच्या बायका हंडे भरत होत्या. बाईंनी कागद घडी घालून बाजूला ठेवला, कधी नव्हे तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या आणि म्हणाल्या, “टाकी हवी. चल तांबट आळीत.”

तांबट आळीत काशिनाथ तांबट आमच्या ओळखीचा होता. दवाखान्यातली भांडी त्यानेच घडवलेली. त्याने सगळं ऐकून घेतलं, हातोडी खाली ठेवली आणि नम्रपणे म्हणाला, “बाई, तुम्हाला नाही म्हणवत नाही. पण ज्या हातांनी देवाचे कलश घडवतो, त्या हातांनी हे काम? आळीत मला कोण उभं करेल?”

बाईंनी वाद घातला नाही. फक्त भागीचं काय झालं ते त्याला सांगितलं, जसं झालं तसं. तो मान खाली घालून ऐकत होता. तेवढ्यात आतल्या दारातून त्याची बायको बाहेर आली. हात पिठाचे. आमच्याकडे न बघता ती नवऱ्याला म्हणाली, “करून द्या.”

“अगं, पण लोक...”

“लोकांना सांगा बंब करतोय. नाहीतर खरं सांगा. पाच बाळंतपणं झाली माझी. दर खेपेला दिवस कसा काढला ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे? तुम्ही विचारलंत कधी?”

काशिनाथ तिच्याकडे बघतच राहिला. मला वाटतं, त्याला तिने इतकं मोठ्याने पहिल्यांदाच काही सांगितलं असावं. त्याने हातोडी उचलली. “किती पाणी राहायला हवं?” त्याने विचारलं.

टाकी आठ दिवसांत झाली. दोन घागरींच्या मापाची, तांब्याची, आतून कल्हई केलेली, घट्ट बसणाऱ्या झाकणाची; बांबू घालून दोघींना उचलता यावी म्हणून दोन्ही बाजूंना कड्या. आणि हात राहवेना म्हणून काशिनाथने तिच्यावर बाहेरून हातोडीचे ठसे असे काही सुंदर उमटवले होते, की लग्नाच्या रुखवतात मांडावी. “फिटिंगला मी स्वतः येणार,” तो म्हणाला. “माझं काम दुसऱ्याने बिघडवलेलं मला चालणार नाही.”

ज्या दिवशी कमोड बसवला, तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. होडी काठावर ओढून एका कुशीवर कलती केली होती. अर्धं गाव जमलं होतं. बाईंनी तळाजवळच्या फळीवर आयोडीनचा बोळा फिरवून एक तपकिरी गोल काढला, ऑपरेशनच्या आधी पोटावर काढतात तसा.

“इथे भोक पाडायचं. भांड्यात तलावाचं पाणी ओढून घ्यायला.”

धोंडू दोन पावलं मागे सरला. “होडीला भोक? बाई, भोकं बुजवन्यात आमचा जल्म गेला. म्या नाय पाडनार. लय झालं तर नोकरी जाईल, पन ह्ये पाप नको.”

काशिनाथ म्हणाला, “मी तांब्याचा माणूस. लाकूड माझं नव्हे.”

बाईंनी नऊवारीचा काष्टा खोचला, कॅनव्हासचे बूट वाळूत रोवले, गिरमिट हातात घेतलं आणि फळीशी बोलायला लागल्या. “थोडं दुखेल हं. हलू नकोस.” गिरमिट फिरायला लागलं. लाकडाच्या बारीक चिपा त्यांच्या पायांवर पडत होत्या. धोंडूने डोळे मिटून घेतले होते. एकदम आरपार उजेड दिसला आणि बाई ओरडल्या, “झालं! कुसुम, आतून बघ, माझं बोट दिसतंय का?” मी होडीत शिरून बघितलं. त्या भोकातून डॉक्टरीणबाईंचं बोट हलत होतं, आणि मी मोठ्याने हसत सुटले.

मग काशिनाथने पितळेची तोटी बसवली. फट बुजवायला शेवटी धोंडूच पुढे झाला. “सरा बाजूला,” म्हणत त्याने ताग आणि राळ अशी काही ठासली, की भोकाशी त्याचं जुनं वैर असावं. होडी पाण्यात ढकलली. आम्ही चौघं गुडघ्यांवर बसून तोटीभोवती डोळे लावून होतो. एक थेंब आला. धोंडूने दातओठ खाऊन अजून थोडी राळ दाबली. दुसरा थेंब आला नाही. पाव तास झाला, तरी नाही. काशिनाथने चक्क धोंडूच्या पाठीवर थाप मारली.

आता चाचणी. पाणी कुठून कुठे जातं ते स्पष्ट दिसावं म्हणून बाईंनी दवाखान्यातून आणलेली पोटॅशची पूड भांड्यात टाकली. पाणी गर्द जांभळं झालं. “हे सगळं आता टाकीत जाणार,” त्यांनी जाहीर केलं आणि दांडा दाबला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जोर लावला, तर भांड्यातून जांभळं कारंजंच उडालं! बाईंचं तोंड, लुगडं, काशिनाथची पांढरी टोपी, माझे हात, सगळं जांभळं. काठावरची माणसं पोट धरून हसत होती.

बाईंनी पदराने डोळे पुसले, इंग्रजी कागद पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, “चूक माझी. पंपातल्या चामड्याच्या झडपा मी उलट्या बसवायला सांगितल्या. रोगी पालथा झोपवला मी!” काशिनाथने पंप उघडला, झडपा फिरवल्या. पुन्हा दांडा दाबला. या वेळी जांभळं पाणी गुर्रकन खाली गेलं, टाकीत धो-धो आवाज आला आणि भांड्यात वरून स्वच्छ पाणी आलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. लहान मुलीसारख्या, उड्या मारत. होडी इतकी हलली की धोंडू ओरडला, “बाई, बसा! बुडवाल!”

त्या जांभळ्या डागांचं लुगडं बाई पुढे मुद्दाम होडीवर नेसायच्या.

पंधरा दिवसांत धरणावरचे एक अधिकारी आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की बाई तलावात घाण सोडतात. माणूस सभ्य होता. आपलं काम करत होता. बाईंनी त्यांना होडीत घेतलं, टाकी उघडून दाखवली, रिकामी कुठे करतो तो काठापासून लांबचा चुन्याचा खड्डा दाखवला. मग पंपाचा दांडा त्यांच्या हातात दिला. साहेबांनी दांडा दाबला. पाणी गुर्रकन गेलं. त्यांनी पुन्हा दाबला. पाच-सहा वेळा दाबून झाल्यावर बाहेर आले आणि हळूच विचारलं, “हे घरी बसवता येतं का हो? आमच्या मंडळींना पावसाळ्यात परसात जायचा फार त्रास होतो.”

टाकी रिकामी करायचं काम मात्र कुणाला सांगायचं नाही, हे बाईंनी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. “जे मी करणार नाही ते दुसऱ्याच्या जातीवर टाकायचं नाही,” एवढंच म्हणाल्या. बांबूचं एक टोक त्यांच्या खांद्यावर, दुसरं माझ्या. खरं सांगते, पहिल्या खेपेला मी तोंड फिरवून चालले. काठावरच्या बायका नाकाला पदर लावून बघत होत्या. धोंडू तोंड फिरवून उभा राहायचा. तिसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो तर खड्डा आधीच खणून ठेवलेला होता, शेजारी चुन्याची पाटी. कुणी केलं ते धोंडू सांगेना. आणि मग एकदा, चढावर, माझ्या खांद्यावरचा बांबू त्याने न बोलता काढून घेतला. “सोडा नर्सबाई, वाट निसरडी हाय.” त्या दिवसापासून ते टोक त्याचंच.

दिवाळीनंतर हौसाचं बोलावणं आलं. भागीच्याच गावची, पहिलटकरीण. बाळ आडवं होतं. घरी सुटका होणं शक्यच नव्हतं. बाई तिला उठवायला वाकल्या तोच सासूने दारातून विचारलं, “होडीत ती सोय हाय म्हनं?”

“आहे. आतून कडी लागते.”

हौसा स्वतःच उठून बसली. “मंग चला,” ती म्हणाली.

अर्ध्या वाटेत वारा पडला. शीड लोंबायला लागलं. भर दुपार, चहूकडे पाणी, हौसाला कळा. धोंडू आणि तिचा नवरा घामाघूम होऊन वल्ही मारत होते. आणि पहिल्यांदा हौसाने मला हाताला धरून खूण केली. मी तिला आतल्या खोलीत नेलं, कडी लावली. जरा वेळाने पंपाचा दांडा खाली-वर झाला, गुर्र आवाज आला. बाहेर धोंडू अचानक मोठमोठ्याने बोलायला लागला. एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस! “काय पावनं, औंदा भात कसा हाय? आमच्याकडं तर लय भारी आलाय! आनि त्यो डोंगर बगा, त्यो!” हौसाचा नवरा आज्ञाधारकपणे डोंगराकडे बघत राहिला. बाई सुकाणूवर बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू.

तीन तासांच्या त्या वाटेत हौसा चार वेळा आत गेली. आम्ही तिला हवं तेवढं पाणी पाजलं. अस्वलीला गाडी मिळाली. नाशकात पोहोचल्यावर बाईंनी ऑपरेशन केलं. मुलगी झाली, सहा पौंडांची, रडली ती सगळा वॉर्ड जागा करून. बाई हात धूत म्हणाल्या, “काशिनाथच्या बायकोला निरोप पाठव आधी.” मग चहा मागवला आणि अर्धा ठेवून उठल्या.

त्यानंतर बायका यायला लागल्या. एक, मग दोन, मग दर खेपेला तीन-चार. कुणी दुखणं लपवून ठेवलेलं, कुणी पोरीला दाखवायला आणलेलं. होडीचं नाव बाईंनी कितीही ठळक लिहिलेलं असो, काठावर तिला सगळे ‘सोयीची होडी’च म्हणायचे.

पुढे माझं लग्न ठरलं आणि धुळ्याच्या दवाखान्यात जागा मिळाली. शेवटच्या खेपेला मी बाईंबरोबर धरणावर गेले. सकाळचं काम उरकलं, आणि माझी बैलगाडी काठावर उभी होती. निरोप घ्यावा म्हणून मी वळले, तर गावातल्या चार बायका होडीत चढत होत्या. त्यातली एकही आजारी नव्हती.

“या कुठे निघाल्या?” मी विचारलं.

“कुठेच नाही,” बाई म्हणाल्या. “धरणाची भिंत यांनी कधी बघितली नाही. पाच कोसांवर आहे, जन्मभर नुसती ऐकली. जाऊन बघून येतो. भाकरी घेतल्यात बरोबर.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणणार होत्या, तेवढ्यात वारा आला आणि शीड फडफडलं. “कुसुम, वारा सुटला! जाते मी!” असं ओरडत त्या उडी मारून होडीत गेल्या.

मी गाडीत चढून उभी राहिले. शीड भरलं, होडी कलली, बायकांनी एकच किंकाळी फोडली आणि मग सगळ्या हसायला लागल्या. डोक्यावरचे पदर वाऱ्यावर उडत होते आणि कुणी ते सावरत नव्हतं. बाईंनी सुकाणूचा दांडा एका म्हाताऱ्या बाईच्या हातात दिला होता आणि स्वतः मागे उभं राहून हातवारे करत होत्या. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. पाण्यावरून त्यांचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला, “डावीकडे, आजी, डावीकडे! घाबरू नका, ती ऐकते तुमचं!”